दोन थाऊ

कुपवाडच्या शेडमध्ये सुभेदार हैबत निकम आले
तेव्हा गळ्यात पट्टा होता, फोमचा, बदामी.
आधी क्लबचा परवाना टेबलावर ठेवला,
मग रुमालाची गाठ सोडून
सात रिकाम्या पुंगळ्या उभ्या केल्या,
हजेरीला पलटण उभी करावी तशा.
“मान बघा,” म्हणाले.
मी त्यांचीच बघायला लागलो.
“माझी नव्हे हो शिकलगार. हिची.”

पुंगळीलाही मान असते.
बार उडाला की फुगते आणि तशीच राहते.
पुढची गोळी धरायची तर
तिला पुन्हा आवळायची, डायमध्ये घालून.
डायच्या पोटात पोलादी कडी, तिला बुश म्हणायचं.
कडी केवढी, एवढाच प्रश्न.
त्यासाठी निकम अपशिंग्याहून दोन एसट्या बदलून आले,
वाटेत मिरजेचा दवाखाना उरकून.

आमच्या खापरपणज्यानं तलवारींना पाणी दिलं.
बापानं कात्र्या, वस्तरे, ऊसतोडीचे कोयते.
मी थाऊ मोजतो.
इंचाचा हजारावा भाग.
कोयत्याला त्याची गरज कधी पडली नाही.

भरलेल्या काडतुसाची मान मायक्रोमीटरमध्ये धरली.
तीनशे सदतीस.
दोन वजा. पस्तीस.
“पण पितळ सोडलं की जरा मागं सरकतं,
उठवलेलं पोर पुन्हा अंथरुणाकडं जातं तसं.
चौतीसची पण करतो. छत्तीसचीही.”
“छत्तीसचा आकडा कशाला,” निकम हसले,
हनुवटी पट्ट्यावर घासली, हसू तिथंच थांबलं.

तीन कड्या झाल्या. आतून आरसा.
छत्तीसच्या मानेत गोळी बोटानं गरगर फिरली.
चौतीसमध्ये बसली, पण जाताना
अंगावरचं तांबं खरवडून गेली.
पस्तीसमध्ये चार नीट,
तीन ढिल्या.
कडी तीच, हात तोच.
मी मायक्रोमीटर पुसला, परत मोजलं,
चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

“या तिघी कितीदा उडाल्यात?”
निकमांनी खिशातून वही काढली.
या चौदा वेळा. बाकीच्या तीनदा.

अनंता तांबटाला फोन लावला.
पलीकडं हातोडी थांबली.
“दमलेलं पितळ आवळून ऐकत नसतं,” म्हणाला,
“ताव द्या. बूड पाण्यात, मान ज्योतीवर,
शेडमधला दिवा बंद करा,
आणि लाली दिसायच्या आत बाहेर.”

अंधारात आम्ही दोघं वाकलो.
म्हणजे मी वाकलो. निकमांना वाकता येत नव्हतं,
ते कमरेतून झुकले, अख्खे, दारासारखे.
“डॉक्टरानंही तीन मापं दाखवली,” ते म्हणाले.
“लहान्यात घास उतरेना.
मोठ्यात मान माझी मीच धरायची, मग पट्टा कशाला?
मधला दिला. रात्री दुखतंच.”
“किती वर्षांची झाली?”
“एकाहत्तर.”
मी ज्योत बारीक केली.
पुढचं वाक्य तोंडात आलं होतं, बोललो नाही.

पस्तीस नेली, चौतीसही नेली, असू दे म्हणून.
सहा आठवडे रायफल खांद्याला लावायची नाही.
“तोवर नुसत्या माना मोजीन.”

छत्तीसची कडी माझ्याकडंच राहिली.
बिलं लिहायची पेन्सिल तिच्यात उभी करतो.
जरा कलते.