बंद राहू नकोस

मासेरूत, तिसऱ्या मजल्यावर, हीटरला पाय लावून
मी मोखोत्लोंगच्या दवाखान्यातला राऊटर उघडते.
मधे नुसते डोंगर,
काल रात्रीपासून पडणारा बर्फ,
आणि एक दोर, ज्यावरून मी आत्ता चालतेय
आणि जो मलाच बदलायचा आहे.

आमच्याकडे पत्ते वाटण्याचा हिशोब कंजूष.
चार आकड्यांची एक आळी पाडायची.
पहिला आकडा आळीच्या नावाचा, तिथे कुणी राहत नाही.
शेवटचा दवंडीचा, तिथेही नाही.
उरले दोन.
या टोकाला एक, त्या टोकाला दोन.
एवढ्यावर संसार.

इंटरफेसला मूळची सवय मिटून बसण्याची.
'उघड' असा हुकूमच नाही या भाषेत.
'बंद' आहे, त्याच्या आधी 'नको' लावायचं.
नो शटडाउन.
आईसुद्धा मला 'ये' म्हणायची नाही,
म्हणायची, तिकडेच बसून राहू नकोस.

कामाआधी गजर लावते:
दहा मिनिटांत माझा शब्द आला नाही
तर आपणहून बंद हो, पुन्हा सुरू हो.
हे न्ताते सेखोबेंनी शिकवलेलं.
बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालायचीच असेल, म्हणाले,
तर खाली गंजी रचून ठेव.

मग मी टंकलं. शेवटी दोनऐवजी सहा.
सहा शेजारच्या आळीतला.
एंटर.
पुढचं अक्षर उमटेना.

फोन. म्मे माखोत्सो, तिथली नर्स,
रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढलेली असणार,
वारा तिच्या आधी ऐकू येतो.
"एक्स-रे अर्धा गेला नि अडकला. गुरं राखणारं पोर आहे, घोट्याचं हाड.
तू काही केलंस का?"
केलं.
"किती वेळ?"
आठ मिनिटं.
"बरं. तोवर त्याला आंबील पाजते."
शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

जतन केलं नाही ते हा राऊटर विसरतो.
एरवी त्याच्या या खोडीवर मी चरफडते:
वीज जाते, दुपारभराचं काम जातं.
आज त्याच विसराळूपणाच्या भरवशावर
हात मांडीखाली दाबून बसलेय.

आला. जुन्या पत्त्यावर, निरागस,
जणू सहा हा आकडा त्याने कधी ऐकलाच नाही.

एक्स-रे आधी जाऊ दिला.
मग गजर, मग आकडा, या वेळी मोठ्याने वाचून: दोन.
माझ्या टोकाला एक.
अप. अप.
गजर काढला. जतन.

प्रत्येक इंटरफेसखाली वर्णनाची एक ओळ असते,
यंत्राला तिचा काडीचा उपयोग नाही.
पहिल्याखाली: मासेरू.
दुसऱ्याखाली: एक्स-रे खोली.
तिसरा कधीचा बंद, त्याच्याखाली सेखोबेंचं लिहिणं:
वायर भिंतीतून गेली आहे. आत मधमाश्या. दुपारी हात घालू नये.
सेखोबे गेले त्याला दोन हिवाळे झाले.

मी म्मे माखोत्सोला उलटा फोन लावला.
पोराचं पाऊल बांधून झालं होतं.
विचारलं, एक्स-रे खोलीमागच्या भिंतीत अजून मधमाश्या आहेत?
"असल्या बर्फात?" ती हसली.
मग चपलांचा आवाज, दार, बराच वेळ काही नाही.
"दिसत नाहीत," ती हळूच म्हणाली.
"पण भिंत इथे कोमट लागतेय."