पडीक

देपालपूरच्या स्टँडवर उतरलो
तर चहावाल्यानं ओळखलं नाही.
बरंच झालं.
तेवीस वर्षांपूर्वी मी इथला पटवारी,
टिल्लूसाब. सायकल, काखेत कापडी बस्ता,
कुणाचा बांध कुठे वळतो सगळं पाठ.

आता गळ्यात मेहुण्याची दुर्बीण,
डावी काच धुरकट,
आणि खिशात इंदूरहून दिलेला फॉर्म:
नर किती, मादी किती, ठिकाण, वेळ, शेरा.

तणमोर.
कोंबडीएवढा, काळा, खांद्यावर पांढरं,
कानामागून वळलेले तुरे,
कारकुनानं लेखणी अडकवून ठेवावी तसे.
श्रावण-भादव्यात गवतातून उसळतो
पुरुषभर उंच
आणि उडाला तिथेच पडतो.
दिवसभर हेच. मादी येईपर्यंत,
किंवा न येईपर्यंत.
इकडे त्याला खरमोर म्हणतात.
म्हणायचे.

सकाळपासून चालतोय. सोयाबीन.
नाला ओलांडला, पुन्हा सोयाबीन,
गुडघ्याच्याही खाली, लांबवर सपाट.
यातून उडी कोण मारील?
न उडताच सगळ्यांना सगळं दिसतंय.

माताजीच्या टेकडीमागे बीड होतं.
छातीएवढं गवत, आत शिरलं की
पायजम्याला कुसळं, संध्याकाळभर वेचायची.
मी त्याच्यापुढे लिहिलं: पडीक.
माझं अक्षर चांगलं. तहसीलदार दाखवायचे इतरांना.
त्या रकान्यात आणखी काही लिहायला
जागाच नव्हती.
म्हणजे, होती. बोटभर.

पडीक लिहिलं की जमीन वाटता येते.
वाटली. वाईट झालं असं नाही म्हणता येणार,
ज्यांना मिळाली त्यांची घरं पक्की झाली,
एकाची मुलगी इंदूरला नर्स आहे,
माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा
तिनंच रात्रभर सलाईन सांभाळलं.

तलावाच्या पाळीखाली एक पट्टी उरलीय गवताची.
तिथे बगदीराम, एक शेळी घेऊन.
"कईं ढूंढो, साब?"
मोबाईलवर फोटो दाखवला.
त्यानं फोटोकडे पाहिलंच नाही.
"उ उड़े नी," म्हणाला, "उचके."
आणि शेळीची दोरी माझ्या हातात देऊन
गवतात शिरला. बसला. दिसेनासा झाला.

वारा पडलेला. एक चतुर पात्यावर.
मी दुर्बीण लावली, का ते मला माहीत नाही.

मग घशातून बेडकासारखं टर्रर्र करत
सत्तरी उलटलेला माणूस
हात फडफडवत गवतावर आला,
धोतर, बरगड्या, तोंडात उरलेले दोन दात,
एक क्षण तिथे थांबलासुद्धा, शपथेवर सांगतो,
आणि होता तिथेच पडला.
पुन्हा.
तिसऱ्यांदा नुसतं लाल पागोटं आलं वर.

मग खोकला.
बराच वेळ खोकला.

फॉर्म काढला. ठिकाण लिहिलं. वेळ: नऊ दहा.
नराच्या रकान्यावर पेन टेकवलं
आणि तिथे शाईचा ठिपका वाढत गेला.

"बगदीराम?"
गवत हललं, की वाऱ्यानं?
शेळी दोरीला ओढ देतेय,
मी डावा डोळा मिटून
चांगल्या काचेतून बघतोय
त्या जागेकडे.