फाल्यां

कायतान मेस्त्रीला चौथ्यांदा फोन केला.
"फाल्यां," म्हणाला.
फाल्यां म्हणजे उद्या,
पण कॅलेंडरातला नव्हे.
बाणस्तारीच्या पुलापलीकडे कुठेतरी राहणारा,
पत्ता न सांगणारा उद्या.

एप्रिल. हुर्राकाचे दिवस.
बोंडांचा वास डोंगरावरून उतरतो
आणि थेट माझ्या गाड्यापुढच्या बाकावर बसतो,
त्याच्या मागोमाग माणसं.
ग्लासात हुर्राक, लिंबाची फोड, मिठाची चिमूट,
उभी चिरलेली मिरची,
आणि मग सगळे माझ्याकडे बघतात.
बर्फ?
माझा फ्रीज त्यांच्यापेक्षा घामाघूम.

कळंगुटच्या एका बुडालेल्या हॉटेलातून आणलेला,
बर्फ आपला आपण पाडणारा,
गावात कौतुक होतं त्याचं.
आता दर पाच मिनिटांनी
हुंकार, टिक्, गप्प.
उंबऱ्यापर्यंत येऊन परत जाणाऱ्या पाहुण्यासारखा.

सगुण बार्जवरून ओरडला, "हात लावू नकोस, शॉक बसेल!"
पंधरा वर्षं नदीतून खनिज वाहणारा हा माणूस
घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढतो
आणि उतरतो तेव्हा बल्ब तोच असतो.
मी म्हटलं, बरं.
आणि प्लग काढला.

भिंतीपासून ओढला तेव्हा
त्याची पाठ पहिल्यांदा पाहिली.
नऊ वर्षं एका घरात राहून.
काळ्या जाळीवर धुळीची गोधडी,
मांजराचे केस, दोन चिंचोके,
आणि धाकटीची ती लाल क्लिप,
जी हरवली म्हणून मी तिला बदडलं होतं.
क्लिप पदराला पुसली, गाठीला बांधली.
तिला काय सांगायचं ते नंतर बघू.

तळाशी कॉम्प्रेसर,
झाकण घातलेल्या पेजेच्या तपेल्यासारखा.
त्याच्या कुशीला चिकटलेली एक डबी.
ओढली. निघेना. पुन्हा ओढली.
कानाशी धरून हलवली,
खुळखुळ.
आत काहीतरी जळून सुटलं होतं.
आगपेटीपेक्षा लहान वस्तू,
आणि हिच्या जिवावर
माझे बांगडे, माझं दूध, माझा धंदा.

फोंड्याला दुकानदाराने विचारलं,
"मेस्त्री कोण तुमचो?"
म्हटलं, "आहे एक."
दोनशे दहा रुपये. सुटे दिले.

फ्रीज घुरघुरला, राहिला घुरघुरत.
पण बर्फाचा साचा कोरडाच.
पाण्याची नळी आतल्या आत गोठलेली.
धाकटीच्या तापाच्या औषधाची पिचकारी घेतली,
कोमट पाणी,
थेंब, थांब, थेंब, थांब.
कोपरापर्यंत हात हिवाळ्यात,
कपाळ एप्रिलमध्ये.
दुपारचं जेवण राहिलं.
बाहेर रुझार दोनदा हाका मारून गेला.
शेवटी नळीच्या घशातून बर्फाची एक काडी सुटली
आणि माझ्या मनगटावरून घरंगळत
चोळीच्या बाहीत शिरली.
मी किंचाळले. मांजर पळालं.

रात्री दोनच्या सुमारास
स्वयंपाकघरात खडखडाट.
कुत्रा भुंकला. मी उठले.
दिवा न लावता हातांनी मोजल्या,
आठ चंद्रकोरी.
पहिली खेप टाकून द्यावी म्हणतात.
एक तोंडात घातली.
रबराची चव.
तरी संपेपर्यंत चघळली, ओट्याला टेकून, अंधारात.

कायतान आला सहाव्या दिवशी,
स्कूटरवर, पिशवी घेऊन, घाईत असल्यासारखा.
बाकावर बसला. मी ग्लास पुढे केला.
त्याने तो डोळ्यांसमोर धरला,
बर्फ बघितला,
मग फ्रीजकडे, मग माझ्या नखांतल्या काळ्याकडे.
लिंबांच्या ताटलीत एक स्क्रू पडला होता,
कुठून निघाला ते मला अजून सापडलेलं नाही.
त्याने तो उचलला, फुंकला,
शर्टाच्या खिशात टाकला.
"हो लागना," म्हणाला.

आणि ग्लास पुढे केला,
आणखी दोन खडे घाल म्हणून.