लगेज

वस्तीची गाडी रात्री साडेनवाला
बर्फाच्या कारखान्यापुढे थांबते.
पुढे रस्ता नाही, खाडीच.
ढाकणे ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर,
मी मधल्या वाटेत, फळी टाकून.
पाटोद्याहून आणलेली चादर
पायांवर ओढली की छाती उघडी पडायची.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहाटे पावणेपाचला हिरू जाक्कर
पत्र्यावर थाप मारायची.
मग पाट्या. बांगड्याच्या, मांदेलीच्या,
पाणी गळणाऱ्या, दारापासून शेवटच्या बाकापर्यंत.
चार वर्षं मी त्या पाट्यांवरून भांडलो.
पाटीमागे लगेज. नियम आहे.
जैबुन होडेकर म्हणायची,
"मासळी मेलीय मास्तर, मेल्याला कसलं तिकीट?"
मी तिकीट फाडायचो.
(मशीन आली, तरी तोंडात फाडणंच राहिलं.)

बदलीचा कागद आला, ही बातमी
वाडीत माझ्या आधी पोचली.
शेवटच्या रात्री सातजणी गाडीच्या दारात.
पाटी एकीचीही नाही, म्हणून अनोळखी वाटल्या.
नर्मदाने डोक्यावरचं गाठोडं उतरवलं.
"घेवा. आमी शिवलाव."

गोधडी उलगडत गेली
तसे ढाकणेने आतले सगळे दिवे लावले.
हिरूचं हिरवं लुगडं मी ओळखलं,
त्याचा पदर धरून तिचा नातू पायरी चढायचा.
जांभळी ओढणी जैबुनची.
चौकड्यांचा सदरा नर्मदाच्या नवऱ्याचा.
"त्या दिवशी घालून नव्हता गेला," एवढंच म्हणाली.
एका कडेला दोरा संपला होता,
तिथून पुढे तंगूस,
जाळं सांधतात त्याच गाठीने.
"ही गाठ सुटायची नाय. माशाला इचारा."
आणि मधोमध खाकी.
माझाच शर्ट. गेल्या साली दाराच्या कडीत फाटला
म्हणून काच पुसायला टाकलेला.
त्याचा खिसा त्यांनी तसाच ठेवला होता,
बटणासकट.

आणि मी काय म्हणालो?
बावीस वर्षं लोकांच्या तळहातावर
सुटे मोजून ठेवणारा माणूस,
मी म्हणालो, "किती झाले?"

कुणी बोललं नाही.
बर्फाच्या कारखान्याची मोटर चालू होती, ती ऐकू आली.
हिरूने पदर नाकाशी नेला.
जैबुनच हसली शेवटी, खोकला येईपर्यंत.
"खिशात बघा मास्तर."

खिशात दहाची एक नोट, दोन नाणी.
"गाठोडं मोठं हाय. उद्या तुमी प्याशिंजर.
तुमाला लगेज कोन माफ करनार?"

मी मशीन उघडली.
आकडे पाण्यात पडल्यासारखे हलत होते.
ढाकणे म्हणाला, खालचं बटण, खालचं,
आणि उगाच घसा खाकरून आरसा पुसायला गेला.
लगेज. एक.

त्या रात्री पांघरून पडलो.
डोक्यापासून टाचेपर्यंत, वर चार बोटं.
नेमकी.
म्हणजे मी घोरत असताना कधीतरी पहाटे
कुणी काचेला नाक लावून
विती मोजून गेलं होतं माझ्या,
आणि नंतर पत्र्यावर थाप मारून
लगेजवरून माझ्याशी भांडलं होतं.

पाटोद्याची थंडी कोरडी. आभाळ कडक.
बायको म्हणते, हिला वास येतो.
येतो. ढग आले की जास्तच.
आमच्याकडे ढग येतात कमी,
आले की मी गोधडी बाहेर काढतो,
हे तिच्या लक्षात आलंय बहुतेक.

तिकीट खिशातच आहे अजून.
मशीनची शाई ती, वर्षभरात उडाली.
मुलीने परवा बटण काढलं, कागद उलटसुलट पाहिला.
"बाबा, कोरा आहे. टाकू?"

राहू दे, म्हटलं.
लगेजचं आहे.