कडी न लावता

दुपारी अडीचला सून ऑफिसात,
पाण्याची मोटर बंद,
मी हॉलमध्ये मधोमध खाली बसते.
दार नुसतं लोटलेलं.

रेगेबाईंनी कडी लावली होती.
बी-विंग, तिसरा मजला. स्वयंपाकघरात पडल्या.
हाड एकही मोडलं नाही,
फक्त उठता आलं नाही.
सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली
तोवर पंख्याची पाती मोजत होत्या.
तीनच तर असतात.

म्हणून हा उद्योग.
आधी कुशीवर. मग कोपर. मग गुडघा,
तो कुरकुरतो लोखंडी कपाटासारखा.
हात टेकायचा नाही असं ठरवलेलं असतं.
टेकते.
सोफ्याचा पाय हाताशी येतो. त्याला म्हणते,
तू गप बस.

वडाळा डेपोत तीस वर्षं नाणी मोजली,
खुर्चीतच म्हातारी झाले.
आई पाटावरून उठायची एका दमात,
कडेवर धाकटा, हातात परात,
तोंडाने कुणाला तरी ओरडत.
ती ते कसं करायची,
कधी नीट पाहिलंच नाही.

आज चौथ्या खेपेला
हात छातीशी, मांड्या लटलट,
डोळ्यांपुढे काजवे,
आणि
उभी.

खिडकीबाहेर मोनोरेल गेली, जवळपास रिकामी.
कुणी पाहिलं नाही.
पदराची पिन तेवढी खाली पडलेली,
फरशीवर चमकत होती.
वाकून मिळाली असती.

मुद्दाम बसले.