इतर स्रोत

एकतीस जुलै. दांडिया बाजारात भार्गवच्या ऑफिसात
कागद उडू नयेत म्हणून
त्याने माझ्या पासबुकावर चहाचा कप ठेवलाय.

पेन्शन लिहून झाली.
मग वरच्या मजल्याचं भाडं.
नर्स आहे, सयाजीत रात्रपाळी, एक तारखेला न चुकता देते.
घराचा वेरो वजा, त्यावर तीस टक्के डागडुजीचे,
"खर्च करा न करा मासी, कायदा देतोच."
यंदा मी एका नळाचा वॉशर बदलला.

"घराला सहमालक?"
"नाही."
पुढे काही विचारलं नाही. बरा मुलगा आहे.

"आणखी काही?"
पिशवीतून वही काढली.
जुळवलेल्या पत्रिका त्रेसष्ट, दर दोनशे एक.
"रोखीतले ना? राहू द्या, कोण बघतंय?"
दाखव म्हटलं.
छत्तीसातला अर्धा गुणसुद्धा मी कधी कुणाला
वाढवून दिला नाही.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यात एक पत्रिका आहे,
घडीवर फाटत आलेली.
तिच्याशेजारी दुसरी ठेवून पाहायचं
राहूनच गेलं.
ती हिशेबात नाही.

बारा हजार सहाशे त्रेसष्ट.
ओटीपी आला,
चष्मा सापडेपर्यंत मुदत संपली.
पुन्हा मागवलाय.