फ्रेम एकशे बारा

सांगलीत, मार्केट यार्डामागच्या गोदामात
पोती सरकवून आम्ही जागा केली.
खिडक्या लावून घेतल्या. वारा नको,
ढग टिकला पाहिजे, म्हणाला इम्तियाज.
मी हॅलोजन धरून स्टुलावर.

मक्याच्या पिठाचा रंग चार किलो
आणि वर राजापुरी हळद, दळलेली, बारीक,
मामाचीच गिरणी म्हटल्यावर मोजतो कोण.

भूपालअण्णा मगदूम दारात आले.
भुवयांत चाळीस वर्षांची पिवळी पूड.
"काडी ओढून पोत्यावर टाक," म्हणाले,
"काळा डाग पडेल, बास.
साठलेली पूड निजलेली असते रे.
उधळली की जागी होते,
कणाकणाला आपापला वारा मिळतो.
आम्ही विडी ओढायला रस्ता ओलांडतो.
पी हळद अन् हो गोरी, एवढी कसली घाई?"

इम्तियाज वाईट नव्हता.
त्यानं अण्णांना चहा दिला.
"दोनच मिनिटं."

हरिपूरच्या पेवात उतरण्याआधी
दोरीनं कंदील सोडायचे, आजोबा सांगायचे.
विझला, तर माणूस उतरायचा नाही.
विझणारा दिवा जीव वाचवायचा.
आमच्याकडे दोन भुईनळे होते,
थंड ठिणगीचे, दुकानदार म्हणाला,
शंभर रुपये जास्त घेऊन.

ब्लोअर लागला. शौनकनं मूठ उधळली.
तेजल हसली, मान मागे टाकून.

धडाम वगैरे नाही.
ओली सतरंजी कुणी झटकावी तसा
भप्प.
पत्रा फुगला, बसला.
मग वास, फोडणीत हळद करपल्याचा,
रोजचाच,
आणि त्यात केस.

"हळद लावा, हळद लावा भाजल्यावर,"
कुणीतरी सवयीनं ओरडलं
आणि स्वतःच गप्प झालं.
सिव्हिलमध्ये नर्सला कळेना
हळद कुठवर, आणि कातडी कुठून गेली.
डावा हात, कान, गळ्याची एक बाजू.

मार्गशीर्षात लग्न झालं.
तेजलला हळद लावली उजव्याच गालाला,
वाटीत कालवून, ओली,
जशी लावतात.

कॅमेरा तेव्हा चालूच होता.
एकशे बारा नंबरच्या फ्रेममध्ये
अजून काहीच भाजलेलं नाही.
नुसता उजेड, इतका सुंदर
की मला बघवत नाही, आणि बघतो.
कडेला अण्णा, अर्धे, धावत निघालेले,
आणि त्यांचा चहाचा ग्लास
हवेत,
अजून न सांडलेला.